पुस्तकातला शब्द ‘मनातून’ कसा ओळखतात?

रेणापूरच्या एखाद्या शाळेचे स्नेहसंमेलन आहे, असे समजा. नाच झाले, नाटुकली झाली, बक्षिसेही वाटून झाली. शेवटी जादूगार व्यासपीठावर येतो. त्याच्याजवळ रुमाल, टोपी किंवा कबुतर असे काही नाही. हातात फक्त एक पुस्तक आहे. पुढच्या रांगेतल्या एका शिक्षिकेला तो वर बोलावतो आणि म्हणतो, ‘‘बाई, हवे ते पान उघडा. मला दाखवू नका. वरच्या ओळीतला एक शब्द मनात धरा आणि पुस्तक मिटून टाका.’’ बाई तसे करतात. जादूगार क्षणभर डोळे मिटतो आणि फळ्यावर खडूने लिहितो : पाऊस. बाईंचा चेहरा पाहूनच मांडवाला उत्तर कळते.

मनातले ओळखण्याचे प्रयोग करणाऱ्या जादूगारांना ‘मेंटॅलिस्ट’ म्हणतात आणि पुस्तकाच्या या प्रयोगाला ‘बुक टेस्ट’ हे नाव आहे. जादूचे साहित्य विकणाऱ्यांकडे त्यासाठी खास बनवलेली पुस्तके मिळतात. दिसायला ती साध्या कादंबरीसारखी असतात, किंमत मात्र कादंबरीच्या कितीतरी पट असते. असे पुस्तक घ्यावे का, घेतले तर पारखावे कसे, आणि रेणापूर-औसा-अहमदपूरसारख्या गावांतील मराठी प्रेक्षकांपुढे ते टिकेल का, हे प्रश्न हौशी जादूगारांपुढे असतात. प्रेक्षकांपुढचा प्रश्न वेगळा, पण अधिक मोलाचा आहे : जे पाहिले ते काय होते?

पन्नास हजारांतून एक?

या प्रयोगाचा परिणाम आकड्यांवर उभा असतो. दोनशे पानांचे पुस्तक, पानावर पंचवीस ओळी आणि ओळीत दहा शब्द असे धरले, तर पुस्तकात ५० हजार शब्द झाले. आपण त्यातून एक निवडला आणि तो समोरच्याने ओळखला, अशी बाईंची समजूत होते.

पण जादूगाराचे शब्द पुन्हा आठवून पाहा. त्याने ‘वरच्या ओळीतला’ शब्द घ्यायला सांगितले होते. त्याबरोबर दोनशे पानांचे दोन हजारच शब्द उरले. त्याने ‘पहिला शब्द’ म्हटले असते, तर दोनशे उरले असते. बहुतेक माणसे उघडलेल्या पुस्तकाच्या उजव्या पानाकडे आधी पाहतात. तेवढीच पाने धरली, तर प्रश्न शंभर शब्दांवर येतो. लातूरच्या शिकवणी वर्गांत ‘नीट’ची तयारी करणारी मुले ११८ मूलद्रव्ये क्रमाने पाठ करतात. त्यांना शंभर शब्द जड नाहीत. पन्नास हजारांचे शंभर कधी झाले, हे मात्र मांडवात कोणाच्या लक्षात येत नाही. बुक टेस्टचे निम्मे कौशल्य सूचना देण्याच्या या पद्धतीत असते.

चार वाटा

प्रयोगांची नावे अनेक असली तरी त्यांमागील तत्त्वे मोजकीच आहेत. पहिली वाट म्हणजे वर सांगितलेली निवड आकुंचित करण्याची. खास छापलेल्या पुस्तकांत हे काम छपाईच करते. मजकूर असा रचलेला असतो की प्रेक्षकाने कोणतेही पान उघडले तरी त्याच्यापुढे मोजक्या शब्दांपैकीच एखादा यावा. दुसरी वाट नजरेची आहे. पुस्तक देता-घेताना एखाद्या पानाकडे सहज पाहण्याची संधी जादूगार मिळवतो. अमेरिकेतील डेव्हिड हॉय यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रयोग या वाटेवरचा असून, त्याला कोणतीही साधी पुस्तके चालतात. तिसरी वाट स्मरणशक्तीची, आणि चौथी मदतनिसाची. हा मदतनीस प्रेक्षकांत बसलेला माणूस असू शकतो किंवा आजच्या काळात एखादे इलेक्ट्रॉनिक उपकरणही असू शकते.

यातील काहीच अगदी नवे नाही. जत्रेत जादूगार एक वही फर्रकन चाळून दाखवतात. आधी पाने कोरी दिसतात, दुसऱ्यांदा रेघांची चित्रे येतात आणि तिसऱ्यांदा ती रंगीत होतात. पानांच्या कडा कमीअधिक कापून केलेली ही करामत फार जुनी आहे. अशा पुस्तकाचे वर्णन रेजिनल्ड स्कॉट या इंग्रज लेखकाने १५८४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आढळते. चेटकीण ठरवून निरपराध माणसांना छळणाऱ्या समाजाला, हे चेटूक नसून हाताचे कसब आहे, हे पटवून देणे हा त्या ग्रंथाचा एक हेतू होता. विसाव्या शतकात कोरिंडा या इंग्रज मेंटॅलिस्टने या कलेचे तेरा भागांचे पाठ्यपुस्तकच लिहिले. त्यातील एक भाग बुक टेस्टला दिलेला आहे.

आपल्याकडे स्मरणाची वाट प्रतिष्ठेची मानली गेली. अष्टावधानी आणि शतावधानी विद्वानांची परंपरा जुनी आहे. महात्मा गांधी १८९१ मध्ये विलायतेहून मुंबईला परतले तेव्हा त्यांची भेट शतावधानी रायचंदभाई, म्हणजेच श्रीमद् राजचंद्र यांच्याशी झाली. आपल्याला ठाऊक असलेल्या युरोपीय भाषांतील शब्द गांधीजींनी त्यांना ऐकवले आणि रायचंदभाईंनी ते त्याच क्रमाने परत म्हणून दाखवले, असे गांधीजींच्या आत्मकथेत नमूद आहे. येथे मन वाचल्याचा दावा नव्हता. जे होते ते स्मरण होते आणि तसेच ते सांगितले गेले.

परदेशी पुस्तक, मराठी प्रेक्षक

बाजारात मिळणारी खास पुस्तके बहुतांश इंग्रजी आहेत. मुंबई-पुण्यातील कंपन्यांच्या कार्यक्रमांत ती खपून जातात. रेणापुरात मात्र पहिली अडचण पुस्तक हातात देतानाच येते. तीनशे माणसांसमोर उभ्या राहिलेल्या पाहुण्याला अनोळखी इंग्रजी पान वाचायला सांगणे म्हणजे त्याची परीक्षा घेण्यासारखे आहे. तो संकोचतो, शब्द चुकीचा वाचतो किंवा स्पेलिंग विसरतो, आणि जादूगाराचे बरोबर उत्तरही चूक ठरते. शिवाय, मराठी शाळेत हे इंग्रजी पुस्तक आले कोठून, अशी शंका प्रेक्षकांच्या मनात प्रयोगाआधीच डोकावते.

दुसरी अडचण भाषेच्या घडणीची आहे. ‘तुमच्या शब्दात किती अक्षरे आहेत?’ हा प्रश्न इंग्रजीत सोपा आहे. मराठीत ‘स्वातंत्र्य’ या शब्दात अक्षरे किती? कोणी तीन म्हणेल, कोणी जोडाक्षरे सुटी करून अधिक मोजेल. विभक्तीचाही प्रश्न आहेच. पुस्तकात ‘नदीकाठच्या’ असे छापलेले आहे आणि जादूगाराने ‘नदी’ ओळखले, तर टाळ्या वाजवायच्या की नाही? मराठी वाक्य बहुधा क्रियापदावर संपते, त्यामुळे ‘शेवटचा शब्द’ मागितला तर ‘होते’, ‘आहे’, ‘लागला’ असेच हाती लागते. वाक्याच्या सुरुवातीला ‘पण’, ‘मग’, ‘आणि’ भेटतात. डोळ्यांपुढे चित्र उभे राहील असा शब्द मिळवायचा, तर ‘पहिल्या दोन-तीन ओळींतील एखाद्या वस्तूचे नाव धरा’ अशी मराठीला मानवणारी सूचना द्यावी लागते. इंग्रजी पुस्तकासोबत आलेले संवाद भाषांतरित करून भागत नाही.

मग मराठी पुस्तक कोणते घ्यावे? सर्वांत विश्वासाचे पुस्तक शाळेतच असते, ते म्हणजे बालभारतीचे. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाची ही पुस्तके राज्यभर सारखीच असतात. रेणापूरच्या मुलाच्या दप्तरातील पान क्रमांक चाळीस आणि रत्नागिरीच्या मुलीच्या दप्तरातील पान क्रमांक चाळीस एकच. हा गुण दुधारी आहे. एका बाजूला, चाळीस मुले तेच पान उघडून जादूगाराचे उत्तर जागच्या जागी पडताळू शकतात. यापेक्षा चोख पुरावा नाही. दुसऱ्या बाजूला, तेच पुस्तक जादूगाराला दुकानात मिळते आणि घरी बसून तयारी करता येते. ‘पुस्तक मुलाचे, मी हातही लावला नाही’ हे वाक्य म्हणूनच खरे असूनही फसवे ठरू शकते.

पोथ्यांचेही तसेच. ‘दासबोधा’चे २० दशक आणि प्रत्येक दशकात १० समास, ही रचना प्रत निराळी म्हणून बदलत नाही. ओवीच्या क्रमांकाने मागितलेला मजकूर मुखोद्गत सांगणारी माणसे आपल्याकडे आहेत आणि ते त्यांच्या वर्षानुवर्षांच्या पाठांतराचे फळ आहे. मात्र ज्या ग्रंथाला लोक हात जोडतात, तो करमणुकीसाठी वापरू नये, इतका विवेक जादूगाराने ठेवणे इष्ट.

पारखण्याच्या कसोट्या

बुक टेस्टचे साहित्य घेऊ इच्छिणाऱ्याने त्यातील गुपित किती चतुर आहे, हे शेवटी पाहावे. आधी पाहायचे ते हे की, पुस्तक प्रेक्षकाच्या हातात किती वेळ राहू शकते? दोन प्रेक्षकांनी शेजारी उभे राहून एकच पान वाचले तर काय होते? मुखपृष्ठ, किंमत, प्रकाशकाचे पान हे सारे खऱ्या पुस्तकासारखे आहे का? प्रयोग संपल्यावर कोणी ‘जरा बघू’ म्हणून हात पुढे केला, तर ते निर्धास्तपणे देता येते का? त्याच गावात दुसऱ्या वर्षी तोच प्रयोग करता येईल का? जे पुस्तक घाईघाईने पिशवीत टाकावे लागते, ते कितीही महाग असले तरी दुबळे साहित्य आहे.

या कसोट्यांवर खास छापलेली पुस्तके मोठ्या शहरात, एकेकट्या प्रेक्षकासमोर उत्तम गुण मिळवतात. लहान गावात, जेथे प्रेक्षक एकमेकांना ओळखतात आणि दुसऱ्या दिवशी पारावर प्रत्येक गोष्टीची उजळणी होते, तेथे गावच्या वाचनालयातून मागून घेतलेली दोन साधी मराठी पुस्तके आणि कसून केलेला सराव अधिक उपयोगी पडतो. त्याला पैसे कमी लागतात, मेहनत मात्र जास्त.

खेळ कोठे संपतो?

येथवर सारे करमणुकीचे आहे. पण हेच तंत्र दुसऱ्या हातात गेले की त्याचा अर्थ बदलतो. डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचण्याचा प्रयोग जादूगार अनेक दशके करत आले आहेत. काश्मीरमध्ये जन्मलेले खुदा बक्ष यांनी त्यावर पाश्चात्त्य देशांत नाव कमावले. पुढे हाच प्रयोग ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’ या नावाने पालकांना विकला गेला. मुलाचा मेंदू जागृत झाल्यामुळे त्याला पट्टीआडून वाचता येते, असा दावा करून हजारो रुपयांचे शुल्क घेतले गेले. मुले नाकाजवळच्या फटीतून पाहतात, हे अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतील कार्यकर्त्यांनी वेळोवेळी दाखवून दिले. गुणांच्या शर्यतीत धावणाऱ्या लातूर जिल्ह्यातील पालकांनी यातून घ्यायचा धडा पैशांपुरता नाही. अशा वर्गातून बाहेर पडणारे मूल आई-वडिलांशी खोटे बोलायला शिकलेले असते.

जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात बागेश्वर धामचे धीरेंद्र शास्त्री यांच्या कार्यक्रमानंतर हा विषय देशभर गाजला. समोरच्या माणसाची माहिती न सांगता ओळखण्याच्या त्यांच्या दाव्याला अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे श्याम मानव यांनी आव्हान दिले आणि नियंत्रित चाचणीत ते सिद्ध केल्यास ३० लाख रुपये देण्याची तयारी दर्शविली. शास्त्री यांनी नागपुरात चाचणी न देता रायपूरला येण्यास सांगितले. नागपूर पोलिसांनी चित्रफिती तपासून, कायद्यानुसार गुन्हा ठरेल असे काही आढळले नसल्याचे कळविले. त्याच सुमारास मेंटॅलिस्ट सुहानी शाह यांनी दूरचित्रवाणी वाहिन्यांवर मनातील नावे ओळखून दाखवली आणि आपल्याकडे कोणतीही दैवी शक्ती नाही, ही कला आहे, असे स्पष्ट केले.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर आधी वटहुकूम आणि मग अधिनियम या मार्गाने आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात, तथाकथित चमत्कारांचे प्रदर्शन करून पैसे कमावणे आणि त्यांच्या प्रचारातून लोकांना फसवणे किंवा घाबरवणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. रंगमंचावरचा जादूगार पुस्तकातील शब्द ओळखतो तेव्हा, मी तुम्हाला चकवणार आहे, असा अलिखित करार प्रेक्षकांशी झालेला असतो. करार मोडतो तो ‘ही माझी सिद्धी आहे, आता तुमची अडचण सांगा’ या वाक्याने. हातातील पुस्तक दोन्हीकडे तेच असते.

म्हणून स्नेहसंमेलनाला मेंटॅलिस्टला बोलावणाऱ्या मुख्याध्यापकांनी मानधन ठरवतानाच एक अट घालावी. प्रयोगाच्या शेवटी त्याने मुलांना एवढे सांगावे की, हे कसब आहे आणि सरावाने येते. गुपित सांगण्याची गरज नाही, ते कलावंताचे धन आहे. घरी जाताना एखाद्या मुलीने बाईंना विचारले, ‘‘बाई, त्यांना खरेच तुमच्या मनातले कळले का?’’ तर बाईंनी पुस्तक उघडावे आणि तिला म्हणावे, ‘‘चल, आपण शोधून काढू. त्यांनी मला नेमके काय करायला सांगितले होते, ते आधी आठवू या.’’