दोन सामन्यांमधील अर्धा तास

श्रावणातील एका रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास बेचाळीस वर्षांचे एक शिक्षक माझ्या दवाखान्यात आले. अंगात संघाचा निळा टी-शर्ट, पायांत खेळाचे बूट, कपाळावर घाम. "डॉक्टरसाहेब, ॲसिडिटी झाली आहे. एखादी गोळी द्या, दहा वाजता फायनल आहे," असे ते उभ्यानेच म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांचे दोन सामने लागोपाठ झाले होते. मधल्या वेळात त्यांनी दोन समोसे खाल्ले होते, एक थंड पेय घेतले होते आणि पाठदुखीसाठी कुणीतरी दिलेली वेदनाशामक गोळी गिळली होती. मी त्यांना झोपवून ईसीजी काढला. तो पाहताच ॲस्पिरिन चघळायला दिली आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलावली. नरखेडहून नागपूर सुमारे ८५ किलोमीटर. सुदैवाने ते वेळेत पोहोचले. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत गुठळी होती, तेथे स्टेंट बसवला गेला. आज ते पुन्हा वर्गात उभे राहून शिकवतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

काही दिवसांनी त्यांचे चौऱ्याहत्तर वर्षांचे वडील माझ्याकडे आले. संत्र्याची बाग सांभाळण्यात आयुष्य गेलेले गृहस्थ. बराच वेळ गप्प बसून ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मले बी बावन्नाव्या वर्षी असंच झालतं. नागपुरात आठ दिवस भरती होतो. पोरं शिकत होते, त्याहिले टेन्शन नको म्हणून सांगतलं नाही." बावीस वर्षे हे वाक्य त्यांच्या मनात राहिले होते. ते मुलाला ठाऊक असते तर तो चाळिशीतच तपासणीला आला असता.

आजचा लेख या दोन गोष्टींविषयी आहे : खेळताना न घेतलेली विश्रांती आणि घरात न सांगितलेला आजार.

बंदिस्त जागेतील क्रिकेट

आपल्या भागात क्रिकेटचे वेड जुने आहे. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशा तीन हंगामांत रणजी करंडक जिंकल्यापासून तर गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धांना ऊत आला आहे. पावसाळ्यात मैदाने चिखलात बुडतात, तेव्हा एखादे गोदाम किंवा संत्र्यांच्या पॅकिंगसाठी बांधलेले रिकामे टिनाचे शेड जाळी लावून सजते. शहरांत यासाठी कृत्रिम गवताचे टर्फ तासाच्या भाड्याने मिळते. चाळिशी-पन्नाशीचे नोकरदार, दुकानदार, शेतकरी तेथे हौसेने खेळतात. ही हौस चांगलीच आहे. मात्र हा खेळ किती दमवणारा असतो, याची कल्पना घरातील ज्येष्ठांना बहुधा नसते.

इनडोअर क्रिकेट ऑस्ट्रेलियात रुजले. त्याच्या प्रचलित नियमांनुसार संघात आठ खेळाडू आणि डावात सोळा षटके असतात. प्रत्येकाला दोन षटके गोलंदाजी करावी लागते. फलंदाजांची जोडी चार षटके खेळते. गडी बाद झाला तर पाच धावा वजा होतात, पण फलंदाज खेळतच राहतो. म्हणजे सीमारेषेवर उभे राहून दम खाण्याची सोय नाही आणि बाद होऊन सावलीत बसण्याचीही नाही. आपल्याकडे षटके कमी असली तरी धावपळ तशीच असते : दहा पावले जोरात पळायचे, एकदम थांबायचे, वळायचे, पुन्हा पळायचे. हृदयाचे ठोके काही क्षणांत वाढतात आणि खाली यायला वेळच मिळत नाही.

त्यात बंदिस्त जागेत वारा नसतो. शरीर घामाने थंड होत नाही, ते घाम वाळल्याने थंड होते. दमट शेडमध्ये घाम नुसता ओघळतो आणि शरीराची उष्णता आतच राहते. दारे-खिडक्या बंद ठेवून कूलर लावला तर हवेतील ओल आणखी वाढते. म्हणून कूलरपेक्षा समोरासमोरची दारे उघडी ठेवणे आणि मोठा पंखा लावणे अधिक हिताचे.

कसोटी सामन्यात उपाहारासाठी चाळीस मिनिटे आणि चहापानासाठी वीस मिनिटे मिळतात, शिवाय पाणी पिण्यासाठी वेगळा वेळ असतो. वर्षभर सराव करणाऱ्या तरुण खेळाडूंना ही विश्रांती आवश्यक वाटते. आठवड्याचे सहा दिवस खुर्चीवर बसणारा आपला मुलगा मात्र रविवारी तीन सामने विश्रांतीशिवाय खेळतो.

नियमित व्यायामाने हृदयविकाराचा धोका घटतो, हे निर्विवाद आहे. परंतु ज्याला सवय नाही, त्याने अचानक फार श्रम केले तर त्या वेळेपुरता आणि त्यानंतरच्या थोड्या काळापुरता तो धोका वाढतो. २०२४ मध्ये मीरा रोड आणि छत्रपती संभाजीनगर येथे क्रिकेट खेळताना पुरुषांचा मैदानावरच मृत्यू झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. अशा बातमीने घाबरून खेळ बंद करणे हा उपाय नव्हे. आठवड्यातील चार-पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे हा रविवारच्या सामन्याचा खरा सराव होय.

त्या अर्ध्या तासात काय करावे

दोन सामन्यांमध्ये किमान अर्धा तास असावा आणि एका दिवशी दोनांहून अधिक सामने नसावेत, असे मी चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक खेळाडूला सांगतो.

सामना संपताच एकदम खाली बसू नये. पाच-सात मिनिटे सावकाश चालावे. एकदम थांबल्यास पायांतील रक्त तेथेच साठते, रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते.

नंतर मोकळ्या हवेत बसून घोट घोट द्रव घ्यावा. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे घरचे जीवनरक्षक पेय उत्तम. संत्र्याच्या रसात पाणी, साखर आणि पोटॅशियम असते, पण मीठ फार थोडे असते. म्हणून त्यात चिमूटभर मीठ घालावे. मधुमेही आणि मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांनी मात्र हे पदार्थ आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत. नुसते साधे पाणी लिटरच्या लिटर पिणेही योग्य नाही, त्याने रक्तातील सोडियम घटते. तळलेले पदार्थ सामना संपल्यावरही टाळावेत, मध्ये तर नकोच. एखादे केळे पुरते.

वेदनाशामक गोळी घेऊन पुढचा सामना खेळू नये. शरीरातील पाणी घटलेले असताना डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात, आणि दुखणे दबल्यामुळे स्नायूची दुखापतही वाढते.

दहा मिनिटे बसूनही धाप ओसरत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, किंवा छाती धडधडत असेल, तर त्या दिवसाचा खेळ संपला असे समजावे. संघाला एक गडी कमी पडला तरी चालेल.

रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरातील पाणी कमी करतात, तर काही नाडी मंद ठेवतात. त्यामुळे नाडी मोजून थकव्याचा अंदाज चुकतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्यांची साखर खेळानंतर कित्येक तासांनी, अगदी झोपेतही, उतरू शकते. अशा व्यक्तीच्या पत्नीला आणि आईवडिलांना हे ठाऊक असलेच पाहिजे. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसले तर शुद्धीवर असताना लगेच साखर द्यावी.

धोक्याची खूण

छातीवर दाब, जबडा, खांदा, डावा हात किंवा पाठ दुखणे, न थांबणारा थंड घाम, मळमळ, श्रमाच्या मानाने अधिक धाप, डोळ्यांपुढे अंधारी : यांपैकी काहीही झाले तर ॲसिडिटी समजून वेळ घालवू नये. मधुमेहींमध्ये छातीत दुखतेच असे नाही. रुग्णाला चालवू नये, दुचाकीवर तर मुळीच नेऊ नये. १०८ ला फोन करावा आणि ईसीजीची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात पोहोचवावे.

खेळाडू कोसळला, हाक मारूनही प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. मदत येईपर्यंत थांबू नये. आपल्याकडे अंतरे मोठी असल्याने संघातील दोघा-तिघांनी तरी हे शिकून घ्यावे.

ज्येष्ठांना विनंती

वडील किंवा भाऊ यांना पंचावन्नच्या आत, अथवा आई किंवा बहीण यांना पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर पुढील पिढीचा धोका वाढलेला समजतात. घरात कुणी तरुणपणी अचानक दगावले असल्यास तेही महत्त्वाचे. ही माहिती कोणत्याही यंत्रात दिसत नाही, ती तुमच्याजवळ आहे. मुलांना काळजी नको म्हणून तुम्ही ती लपवता, यामागील माया मी समजतो. पण तीच माहिती मिळाली तर डॉक्टर रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी वेळेत तपासतील, गरज वाटल्यास पुढील चाचण्याही सांगतील.

तेव्हा आज एका कागदावर लिहा : घराण्यात कुणाला, कोणत्या वयात, कोणता आजार झाला. तो कागद मुला-मुलींच्या हाती द्या. रविवारी मुलगा खेळायला निघाला की "जाऊ नको" म्हणण्याऐवजी "किती सामने आहेत, मध्ये वेळ किती आहे?" एवढे विचारा.

ते शिक्षक आता हृदयतज्ज्ञांच्या सल्ल्याने रोज सकाळी चालतात. स्पर्धेत ते पंच म्हणून उभे राहतात आणि पहिला सामना संपला की अर्धा तास दुसऱ्याची नाणेफेक होऊ देत नाहीत. मुले कुरकुर करतात, पण ऐकतात.