शब्द एक, वेश अनेक

आमच्या इंग्रजीच्या वर्गात गेल्या वर्षी एक कोरियन विद्यार्थी होता. एके दिवशी त्याला यायला उशीर झाला. सरांनी कारण विचारताच तो नम्रपणे म्हणाला, ‘सर, आय वॉज वेअरिंग माय शूज.’ सारा वर्ग खो खो हसला. हसणाऱ्यांत मीही होते. त्यानंतर कितीतरी दिवस त्याने वर्गात तोंड उघडले नाही, तेव्हा मला माझ्या हसण्याची लाज वाटली. मग त्याची अडचण मी त्याच्याकडूनच समजून घेतली.

कोरियन भाषेत अंगावर चढवायच्या वस्तूगणिक क्रियापद निराळे. कपड्यांसाठी ‘इप्ता’, बूट-मोज्यांसाठी ‘सिन्ता’, टोपी व चष्म्यासाठी ‘स्सुदा’, अंगठी व हातमोज्यांसाठी ‘क्किदा’, घड्याळासाठी ‘छादा’. इंग्रजीत या साऱ्यांना एकच ‘वेअर’ पुरतो. मला याचे फारसे नवल वाटले नाही. आपणही लुगडे नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो, गजरा माळतो आणि कुंकू लावतो!

पण एवढ्याने भागत नाही. ‘स्सुदा’ हे क्रियापद छत्रीलाही चालते. इंग्रजीत मात्र छत्री ‘वेअर’ करता येत नाही. उलट इंग्रज माणूस अत्तर, दाढी, एवढेच काय, चेहऱ्यावरचे हसूही ‘वेअर’ करतो.

खरी मेख पुढेच आहे. ‘वेअर’ने स्थिती कळते, ‘पुट ऑन’ने क्रिया. मराठीत ‘बूट घालतो आहे’ आणि ‘बूट घातले आहेत’ असा भेद आपण क्रियापदाचे रूप बदलून करतो. कोरियनमध्ये ‘सिन्को इत्ता’ या एकाच रूपातून दोन्ही अर्थ निघतात; कोणता घ्यायचा ते संदर्भावरून ठरते. म्हणूनच ‘बूट चढवत होतो’ हे सांगायला गेलेला आमचा मित्र ‘माझ्या पायात बूट होते’ असे सांगून बसला. ‘आय वॉज पुटिंग ऑन माय शूज’ म्हणाला असता तर कोणी हसले नसते.

त्या दिवशी घरी येऊन मी शाळेतली जुनी वही चाळली. ‘आय वेअर माय युनिफॉर्म ॲट सेव्हन’ हे वाक्य माझ्याच अक्षरात होते. सात वाजता गणवेश अंगावर चढवते, या अर्थाने! कोशात ‘वेअर’पुढे ‘घालणे’ दिले आहे, त्यावर विसंबून मीही तिथेच घसरले होते. शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. त्याची वहिवाट मात्र चुकतमाकतच कळते. तेव्हा चुकणाऱ्याला हसण्याआधी प्रत्येकाने आपली जुनी वही एकदा उघडून पाहावी.