परभाषेचा उच्चार आणि स्वभाषेचा कान

परभाषा शिकूं लागलेल्या मनुष्याची पहिली परीक्षा त्याचा उच्चार घेतो. व्याकरणाची चूक ऐकणारा पुष्कळदां सोडून देतो. उच्चार चुकला म्हणजे मात्र त्याला हंसूं फुटतें. या हंसण्यानें कित्येक शिकणाऱ्यांचें तोंड कायमचें बंद होतें. म्हणून ही चूक कां होते, हें समजून घेणें प्रत्येक सुशिक्षित घरास अगत्याचें आहे.

वर्ध्यास हा प्रश्न जुनाच आहे. १९३६ सालीं तेथें राष्ट्रभाषा प्रचार समिति स्थापन झाली आणि हिंदी ही ज्यांची मातृभाषा नाहीं, अशा लोकांना ती शिकविण्याचें कार्य सुरू झालें. पुढें १९९७ सालीं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय स्थापन झालें, आणि परदेशांतील विद्यार्थीहि हिंदीसाठीं या गांवीं येऊं लागले. असा एखादा विद्यार्थी कोरियन आहे असें समजूं.

‘कार, खार, गार, घार’ हे चार शब्द आपल्याकडील लहान मूलहि निरनिराळे ओळखतें. कोरियन मनुष्याला तेथेंच अडचण पडते. त्याच्या भाषेंत स्पर्शव्यंजनांचे तीन प्रकार आहेत: एक साधा, एक श्वास सोडून उच्चारण्याचा आणि एक कंठ ताणून उच्चारण्याचा. परंतु अघोष ‘क’ आणि घोष ‘ग’ यांच्या भेदानें तेथें अर्थ बदलत नाहीं. साधें व्यंजन शब्दाच्या आरंभीं आपल्याला ‘क’सारखें आणि दोन स्वरांमध्यें ‘ग’सारखें ऐकूं येतें, बोलणाऱ्याच्या मनांत मात्र तो एकच वर्ण असतो. कोरियांतील एका मोठ्या बंदराचें नांव रोमन लिपींत पूर्वीं ‘पुसान’ असें लिहीत. २००० सालीं लिप्यंतराची नवी पद्धति आल्यावर तें ‘बुसान’ झालें. नगरवासीयांचा उच्चार होता तोच राहिला. ‘घ’ मध्यें तर घोष आणि महाप्राण हे दोन्ही गुण एकत्र येतात. असा वर्ण कोरियन भाषेंत नाहींच. ‘र’ आणि ‘ल’ यांनाहि तेथें एकच अक्षर आहे, आणि ‘त’ व ‘ट’ हा भेद मुळींच नाहीं.

हाच विद्यार्थी युक्रेनियन भाषा शिकूं लागला, तर हीच भिंत त्याला तेथेंहि आडवी येईल. त्या भाषेंत ओक वृक्षास ‘दुब’ म्हणतात, आणि शेवटचा ‘ब’ घोषच राहतो. कोरियन भाषेंत शब्दान्तीचें स्पर्शव्यंजन ओठ किंवा जीभ मिटूनच संपतें. म्हणून त्याच्या तोंडून ‘दुप्’ असें कांहींसें निघतें. मराठी मनुष्यास हा शब्द सोपा आहे. युक्रेनियन भाषेंतील ज्या अक्षराचा उच्चार रशियन लोक ‘ग’ असा करतात, तेंहि तेथें आपल्या ‘ह’सारखेंच उच्चारलें जातें.

परंतु एवढ्यानें मराठी माणसानें गर्व वाहूं नये. ‘चारा’ हा शब्द मराठींत आणि हिंदींत एकाच अर्थाचा. पण मराठींत त्यांतील ‘च’ दंतमूलीय, तर हिंदींत तालव्य आहे. ‘ज्ञान’ हा शब्द आपण ‘द्न्यान’ असा उच्चारतों, हिंदी भाषिक ‘ग्यान’ असा. ‘पैसा’ यांतील ‘ऐ’ आपल्याकडे ‘अइ’ असा जोडस्वर आहे. हिंदींत तो बहुधा एकच पसरट स्वर असतो. लिपि एक असल्यामुळें आपली चूक आपल्या ध्यानींहि येत नाहीं. वर्ध्याच्या परदेशी विद्यार्थ्यास तर वर्गांत एक उच्चार आणि बाजारांत दुसराच ऐकावा लागतो.

तेव्हां दोष जिभेपेक्षां कानाचा अधिक आहे. कॅनडांतील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनीं १९८४ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी भाषिक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना हिंदींतील दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ यांतील भेद कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बालकांपैकीं फारच थोड्यांना तो कळला. मातृभाषेंत ज्या भेदाचें काम पडत नाहीं, त्याकडे कान वर्षाच्या आंतच दुर्लक्ष करूं लागतो.

उपाय याच निदानांतून निघतो. प्रथम दोन जवळचे शब्द घ्यावे, ते दुसऱ्यानें उच्चारावे आणि शिकणाऱ्यानें कोणता शब्द आला तें केवळ ओळखावें. कान तयार झाल्यावर तोंडाकडे वळावें. ओठांपुढें तळहात धरून ‘कार’ आणि ‘खार’ म्हटल्यास श्वासाचा भेद हातास कळतो. कंठावर बोट ठेवून ‘ग’ म्हटल्यास कंप आधींच सुरू होतो. ‘क’ म्हणतांना तो मागून येणाऱ्या स्वराबरोबर येतो. परभाषेचे शब्द स्वतःच्या लिपींत लिहून पाठ करण्याची संवय मात्र टाळावी, कारण ती लिपि वाचतांना जुनाच कान पुन्हां जागा होतो.

घरीं आलेल्या पाहुण्यानें ‘गार’ पाण्याऐवजीं ‘कार’ पाणी मागितलें, तर त्याला पाणी द्यावें आणि तो शब्द स्वच्छ उच्चारून एकदां परत म्हणावा. त्याची चूक आळसाची नाहीं. ती त्याच्या मातृभाषेची शिस्त आहे. नवी शिस्त लागण्यास त्याला पुष्कळ ऐकावें आणि निर्भयपणें बोलावें लागेल, आणि ती निर्भयता त्याला ऐकणाऱ्यांकडूनच मिळावयाची आहे.