शंखजिरें : एक मऊ दगड व त्याचा शेतीशीं संबंध

सायकलीची नवी रबरी नळी हातीं घेतली असतां जी गुळगुळीत पांढरी पूड लागते, शिंपी ज्या वडीनें कापडावर रेघा ओढतो, आणि सुवास घालून अंगास लावावयाची जी भुकटी बाजारांत मिळते, या तिहींचें मूळ बहुधा एकच दगड होय. त्यास शंखजिरें म्हणतात. बियाण्यास चोळावयाच्या जैविक औषधांतही तें पुष्कळदां असतें. म्हणून त्याचे गुणधर्म शेतकरी बंधूंनीं जाणून घेणें अगत्याचें आहे.

शंखजिऱ्याच्या शंभर भागांत सिलिका सुमारें ६३, मॅग्नेशिया ३२ व पाणी ५ भाग असतें. मोह्स नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें इ. स. १८१२ सालीं खनिजांच्या कठीणपणाच्या दहा पायऱ्या ठरविल्या. त्यांत हिरा दहाव्या पायरीवर, तर शंखजिरें पहिल्या. नखानेंही त्यावर ओरखडा उठतो. त्याचे पातळ पापुद्रे एकमेकांवरून सहज घसरतात; साबणासारखा बुळबुळीतपणा येतो तो त्यामुळेंच. तें पाण्यांत विरघळत नाहीं. लिंबाचा रस पिळला असतां चुनखडीची पूड फसफसते, शंखजिरें मात्र शांत राहतें.

आपला वाशीम जिल्हा ज्वालामुखीच्या काळ्या फत्तरावर वसलेला असल्यामुळें येथें त्याच्या खाणी नाहींत. विदर्भांत तें भंडाऱ्याकडील जुन्या खडकांत आढळतें. देशाचा मोठा पुरवठा राजस्थानांतून होतो.

हरभऱ्याच्या मर रोगावर ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी बियाण्यास लावतात. कोइमतूरच्या तामिळनाडू कृषि विद्यापीठानें प्रचारांत आणलेल्या रीतीप्रमाणें बुरशीच्या वाढीचा एक भाग व शंखजिऱ्याचे दोन भाग मिसळून तें मिश्रण सावलींत वाळवितात. दर किलो बियाण्यास चार-पांच ग्रॅम भुकटी पुरते.

औषधांत दगडाचें पीठ म्हणजे भेसळ, असें कित्येकांस वाटतें. तसें नव्हे. शंखजिरें रोगास मारीत नाहीं, पिकास पोशीत नाहीं आणि बुरशीसही बाधत नाहीं. हीच त्याची योग्यता. तें निव्वळ वाहन आहे. तथापि फसगत होते तीही येथेंच. वाहनांतील जीव मेला तरी भुकटी पूर्वीसारखीच दिसते व बियाण्यास तशीच चिकटते. वैशाखांत तापल्या पत्र्याखालीं पडून राहिलेलें पाकीट वापरणारा शेतकरी बियाण्यास केवळ दगडाचें पीठ चोळतो, आणि पुढें मर लागली म्हणजे बुरशीस बोल लावतो. यास्तव आमचें सांगणें असें कीं, पाकीट घेतांना तयार केल्याची व मुदत संपण्याची तारीख पाहावी. तें थंड जागीं सावलींत ठेवून तीन-चार महिन्यांच्या आंत वापरावें. रासायनिक बुरशीनाशकांत कालवूं नये.

आणखी दोन गोष्टी. बियाण्यास योग्य असलेली हीच पूड चकाकीसाठीं डाळीस लावली तर ती उघड भेसळ होय. तसेंच तिची धूळ फुप्फुसांस अपायकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २०२४ सालीं शंखजिऱ्याची गणना बहुधा कर्करोगकारक द्रव्यांत केली. म्हणून बीजप्रक्रिया मोकळ्या हवेंत, नाकातोंडास फडकें बांधून करावी, व लहान मुलें जवळ येऊं देऊं नयेत.