थंडी नेमकी कुठे शिरली?

अमेरिकेतल्या मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या राज्यांत जानेवारीत पारा उणे तीसपर्यंत उतरला तर त्याची बातमी होत नाही. नॉर्थ डकोटातल्या पार्शल गावी १९३६ साली आणि मिनेसोटातल्या टॉवर गावी १९९६ साली उणे ५१ अंश सेल्सिअसची नोंद झालेली आहे. पण गोठ्याला सुट्टी नसते. शेण काढावं लागतं, गुरांपुढे वैरण टाकावी लागते, वाटेवरचं बर्फ सारावं लागतं. ही कामं तिथे बहुतेक शेतांवर एकच बुटकं यंत्र करतं, ते म्हणजे स्किड स्टिअर. आपल्याकडे रस्त्याच्या कामावर मोठ्या जेसीबीच्या आसपास ते लुडबुडताना दिसतं. चार चाकं, पिंजऱ्यासारखी केबिन आणि पुढे बकेट. त्याची चाकं वळत नाहीत. एका बाजूची पुढे आणि दुसऱ्या बाजूची मागे फिरवली, की ते घसटत जागच्या जागी गर्रकन वळतं.

यंत्र जन्मलंही याच थंड मुलखात. मिनेसोटातल्या रॉथसे गावी सिरिल आणि लुई केलर हे दोघे भाऊ शेतीच्या यंत्रांची दुरुस्ती करत. एडी व्हेलो नावाच्या टर्की-पालकाला आपल्या खुराड्यांतली घाण काढायला, खांबांमधून सहज फिरेल आणि वरच्या मजल्यावर चढवता येईल असं हलकं यंत्र हवं होतं. केलरांनी १९५७ साली त्याला तीन चाकांचं लोडर करून दिलं. पुढच्याच वर्षी शेजारच्या नॉर्थ डकोटातल्या ग्विनर गावच्या मेलरो कंपनीने ते उचललं आणि दोघा भावांनाही कामावर घेतलं. १९६० मध्ये मागच्या एका चाकाच्या जागी दोन चाकं आली आणि १९६२ पासून हे लोडर ‘बॉबकॅट’ नावाने विकलं जाऊ लागलं.

सुरुवातीच्या यंत्रांत लहानसं पेट्रोल इंजिन असे आणि क्लचच्या रचनेतून चाकं फिरत. पुढे डिझेल इंजिन आलं आणि चाकांना ताकद देण्याचं काम हायड्रॉलिक तेलाने घेतलं. आजच्या बहुतेक यंत्रांत इंजिन आणि हायड्रॉलिक पंप एकमेकांना कायमचे जोडलेले असतात. मध्ये ट्रकसारखा पायाने दाबायचा क्लच नसतो. म्हणून एवढ्याशा जागेत सगळं मावतं. पण या आटोपशीरपणाची किंमत थंडीत मोजावी लागते. सेल्फ मारला की त्याला नुसते पिस्टनच हलवायचे नसतात, तर दाट झालेल्या तेलात बुडालेले पंपही ओढायचे असतात. म्हणजे ट्रक जिथे क्लच दाबून सुटतो, तिथे स्किड स्टिअर अडकतं.

त्यात डिझेलला ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा साधारण विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि फवारलेलं डिझेल त्या उष्णतेनेच पेटतं. बाहेर उणे तीस असताना हवा मुळातच गार असते, सिलिंडरच्या भिंती उष्णता शोषून घेतात, आणि इंजिन संथ फिरलं तर दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटायलाही वेळ मिळतो. तेव्हा ‘चालू होत नाही’ ही एक तक्रार वाटली, तरी थंडी बॅटरीत, तेलात, डिझेलमध्ये की सिलिंडरमध्ये शिरली आहे हे आधी ठरवावं लागतं. जाणता मिस्त्री म्हणून पाना हातात घेण्याआधी कान देतो.

किल्ली फिरवल्यावर नुसतं ‘टक’ झालं किंवा इंजिन कण्हत कण्हत फिरलं, तर संशय पहिला बॅटरीवर. उणे १८ अंशांना शिसे-आम्ल बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते आणि इंजिनाची भूक मात्र वाढलेली असते. बॅटरीवर छापलेला ‘कोल्ड क्रँकिंग अँपिअर’चा आकडा म्हणून याच तापमानाला मोजतात: १२ व्होल्टची बॅटरी ७.२ व्होल्टच्या खाली न उतरता ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकते, ते तो सांगतो. टर्मिनलवरचा गंज आणि अर्थिंगची ढिली वायर उन्हाळ्यात खपून जाते, थंडीत खपत नाही. भरलेली बॅटरी सहसा गोठत नाही. उतरलेली मात्र उणे सात-आठ अंशांतही गोठू शकते. गोठलेल्या बॅटरीला जंपर केबल लावू नये, ती फुटू शकते. बॅटरी ठणठणीत असूनही फेरे जड असतील तर तेल बघायचं. उन्हाळ्यातलं १५डब्ल्यू-४० इंजिन ऑइल इथे फार दाट पडतं. हिवाळ्यात ०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४० घालतात.

सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पेटत नाही, तर नजर सायलेन्सरकडे. पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पण जळत नाही. अशा वेळी सिलिंडर आधी तापवणारे ग्लो प्लग एकेक करून मल्टिमीटरने तपासायचे आणि त्यांचा फ्यूज आणि रिले बघायचा. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही. कारण कधी इंधन सोडणारा सोलेनॉइड असतो, कधी फिल्टरमध्ये साचलेल्या पाण्याचा बर्फ. पण कडाक्यात बहुतेकदा डिझेलच थिजलेलं असतं. डिसेंबरात आपल्याकडे खोबरेल तेलाचं बाटलीत जे होतं, ते डिझेलमधल्या मेणाचं टाकीत होतं. आधी ते गढूळ दिसतं, मग मेणाचे कण फिल्टरवर थर धरतात. यंत्र चालू होऊन दोन-चार मिनिटांत दम तोडत असेल, तर ही त्याचीच खूण. म्हणून उत्तरेत हिवाळ्यात ‘नंबर दोन’ डिझेलमध्ये रॉकेलच्या जवळचं ‘नंबर एक’ मिसळतात. न थिजण्याची औषधं डिझेल थिजण्याआधी घालायची असतात. एकदा थिजल्यावर फिल्टर बदलणं, लाइन ऊब देऊन मोकळी करणं आणि एअर काढणं याला पर्याय नाही. भारतात लडाखच्या ड्रायव्हरांना हे दुखणं चांगलं माहीत आहे; इंडियन ऑइलने २०१९ साली तिथे उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं हिवाळी डिझेल आणलं, ते याच कारणाने.

इथे एक मोह असतो: ईथरचा फवारा. एअर फिल्टरकडे फुसकन मारला की इंजिन दणक्यात उठतं. पण ग्लो प्लग तापलेले असताना ईथर वेळेआधीच पेटतं, आणि त्या दणक्यात पिस्टन किंवा रिंग मोडू शकते. ग्लो प्लग असलेल्या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये म्हणूनच ईथरला सक्त मनाई असते.

खरा उपाय आदल्या रात्रीचा आहे. नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिन तापतं ठेवणाऱ्या विजेच्या हीटरचं पेटंट १९४९ साली मिळवलं. त्याचे वंशज आज ब्लॉकमध्ये बसवलेले असतात. बॉनेटबाहेर लोंबणारी प्लगची वायर त्या मुलखात कुणाला खटकत नाही. रात्रभर कूलंट कोमट राहिलं, की तेल सैल होतं, सिलिंडर गार नसतो आणि बॅटरीवरचा भारही हलका होतो. चारपैकी तीन ठिकाणची अडचण एका वायरने कमी होते. डिझेल मात्र आपलं आपणच सांभाळावं लागतं. आणि इंजिन उठलं म्हणजे काम सुरू असंही नाही. हायड्रॉलिक तेल कोमट होईपर्यंत दांडे हलवायचे नाहीत, कारण दाट तेल पंपात नीट खेचलं जात नाही आणि पंप कोरडा घासतो.

बॉबकॅटने २०२२ मध्ये टी७एक्स हे इंजिनही नाही आणि कामाच्या सिलिंडरांत हायड्रॉलिक तेलही नाही असं विजेवरचं लोडर दाखवलं. त्यात ग्लो प्लग नाही, फिल्टर नाही, थिजायला डिझेल नाही. पण लिथियम बॅटरी शून्याखालच्या थंडीत चार्ज करणं तिला घातक असतं, तेव्हा ऊब तिलाही लागते. केलरांच्या मुलखात संध्याकाळी प्लग लावायची सवय सोडून चालणार नाही. वायर इंजिनाकडून बॅटरीकडे वळेल, एवढाच काय तो फरक.