अजिंठा झालं, पवनी राहिलंय!

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ठरलेला प्रश्न येतो... ‘या वीकेंडला कुठे?’ पचमढी झालं. चिखलदरा झालं. ताडोबाचं बुकिंग मिळत नाही. मग कुणीतरी म्हणतं, ‘अजिंठा करू या का?’ आणि नागपूरहून शेकडो किलोमीटर गाडी हाणायची तयारी सुरू होते.

जा, जरूर जा. पण त्याआधी एक सांगू? दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध स्तूप-विहारांची वाट आपल्या घराच्या मागच्या अंगणातून जाते. उमरेडच्या रस्त्याने, मिरचीच्या नि धानाच्या शेतांमधून, वैनगंगेच्या काठापर्यंत. तिथे तिकिटाची रांग नाही, सेल्फीसाठी धक्काबुक्की नाही. अडचण एकच आहे. आधी थोडा अभ्यास केला नाही, तर काहीच दिसत नाही! हे अनुभवाचे बोल आहेत.

पहिल्यांदा पवनीला गेलो तेव्हा आम्ही चौघं मित्र तासभर स्तूप शोधत फिरत होतो. शेवटी टेकडीवरच्या जगन्नाथ मंदिरापाशी दमून बसलो आणि तिथल्या एका काकांना विचारलं. ते आमच्याकडे बघतच राहिले. ‘कोणता स्तूप पाहून राह्यले भाऊ? त्याच्यावरच तं बसले तुमी!’

तेव्हा यंदा प्लॅनिंग नीट करू या.

सुरुवात घरापासून

पेट्रोल टाकायच्या आधी एक सकाळ शहरातच घालवा. सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, १८६३ सालचा. लहानपणी शाळेच्या सहलीत आपण भुसा भरलेले वाघ पाहून परत आलो. या वेळी देवटेकचा शिलालेख कुठे आहे ते विचारा. देवटेक हे चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडचं गाव. तिथल्या या दगडावर अशोकाच्या काळातली मानली जाणारी ब्राह्मी अक्षरं आहेत आणि मजकूर आहे प्राण्यांना पकडू नका, मारू नका असं बजावणारा. पाटलीपुत्राची सत्ता आपल्या धानपट्ट्यापर्यंत पोहोचली होती, त्याचा हा पुरावा. पुढे वाकाटकांच्या काळात त्याच दगडावर दुसरा लेख कोरला गेला. दगड एक, काळ दोन! या वाटेवर हेच पुन:पुन्हा दिसणार आहे.

ट्रेलर : मनसर

अर्ध्या दिवसात होणारी ही ट्रिप आहे. जबलपूर रोडने ४५ किलोमीटरच्या आसपास मनसर लागतं. रामटेकला जाताना आपण इथून हजारदा वळलोय, थांबलो मात्र कधीच नाही. तलावाकाठी हिडिंबा टेकडी आहे. १९९७-९८ पासून इथे जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झालं आणि झाडाझुडपांच्या टेकडीतून विटांची भलीमोठी, पायऱ्यापायऱ्यांची वास्तू बाहेर आली.

ती कुणाची? इथे वाद आहे आणि तो माहीत असलेला बरा. उत्खनन करणाऱ्यांना इथे बौद्ध स्तूप-विहाराचे थर दिसले. आचार्य नागार्जुनांची आठवण या परिसराशी जोडली जातेच. उलट हान्स बक्कर या डच अभ्यासकाच्या मते ही टेकडी म्हणजे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचं प्रवरेश्वर हे शिवमंदिर. मनसरलाच सापडलेली शिवाची देखणी मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. म्हणजे टेकडीवर उभं राहून भांडायचं कारण नाही. एकाच मातीवर एकामागून एक माणसं आली, आपापल्या श्रद्धेने त्यांनी विटा रचल्या, एवढं डोळ्यांना दिसतं.

वेळ असेल तर जवळच नगरधनला चक्कर मारा. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असं मानतात. अलीकडच्या उत्खननात इथे राणी प्रभावतीगुप्ताची मातीची मुद्रा सापडली. गुप्त सम्राटाची ही लेक नवऱ्याच्या मृत्यूनंतर मुलांच्या नावाने स्वत: राज्य चालवत होती. करिअर वुमन म्हणा ना! परतताना कामठीचं ड्रॅगन पॅलेस. १९९९ साली जपानी मदतीने उभं राहिलेलं हे विहार संध्याकाळच्या उजेडात सर्वांत छान दिसतं. पाच मिनिटं मोबाइल बंद करून आत बसा.

मेन पिक्चर : पवनी

आता दोन दिवसांची खरी ट्रिप. शनिवारी सकाळी सहाला निघा. तर्री पोहे उमरेडला. भिवापूर आलं की रस्त्याकडेला लाल मिरचीचा सडा दिसायला लागतो. इथल्या मिरचीला जीआय मानांकन आहे, येताना पिशवीभर आणाच. नागपूरपासून ८० किलोमीटरच्या आसपास पवनी येते आणि गाव सुरू व्हायच्या आधीच मातीचा प्रचंड तट आणि खंदक दिसतो. तिथे थांबा. बैलगाड्या आणि बौद्ध भिक्खू ज्या गावात शिरत असत, ते हे गाव. भिक्खूंना एकांत हवा असायचा, पण भिक्षेसाठी वस्तीही जवळ लागायची. त्यामुळे स्तूप-विहार गावापासून फार लांब नाही, फार जवळ नाही, असे असायचे. शिवाय नदी आणि व्यापाराचा रस्ता. पवनीत हे सगळं एका जागी जुळून आलं.

१९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केलं. नेतृत्व शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचं. होय, तेच मनसरचे जोशी! जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूर इथे त्यांना मोठे स्तूप मिळाले. किती मोठे? सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास साडेछत्तीस मीटरच्या आसपास, तर जगन्नाथ टेकडीचा ३८ मीटरच्या. सांचीहून मोठा स्तूप आपल्या शेजारी आहे आणि आपण कऱ्हांडल्यात वाघ बघून परत येतो!

कोरीव दगडी खांब, दान देणाऱ्यांची ब्राह्मीतली नावं असं बरंच काही इथे निघालं. त्यातलं एक शिल्प माझ्या खास आवडीचं. मुचलिंद नाग. वादळात बुद्धावर फणा धरणारा नागराजा. पण फण्याखाली बुद्धाची मूर्ती नाही, आसन रिकामं आहे. त्या काळी बुद्धाला माणसाच्या रूपात दाखवत नसत. आता १५ ऑक्टोबर १९५६ चं नागपुरातलं भाषण आठवा. धम्मदीक्षेसाठी नागपूरच का, याचं उत्तर देताना बाबासाहेब आंबेडकरांनी नाग लोकांचा दाखला दिला होता. बौद्ध धर्माचा प्रसार ज्यांनी केला, ते नाग. पवनीचा तो नागराजा उत्खननात बाहेर आला, तो भाषणानंतर तेरा वर्षांनी.

गेल्या डिसेंबरला मित्राच्या आजीला सोबत घेऊन गेलो होतो. तिचं माहेर पवनीपासून दहा-बारा किलोमीटरवर. १९५६ साली बापाचं बोट धरून ती नागपूरला दीक्षेला आली होती. टेकडीला काठी टेकत तिने एक पूर्ण फेरी मारली, मग खाली दगडावर बसून मुकाट्याने वर बघत राहिली. आम्हाला वाटलं, दमली असेल. थोड्या वेळाने म्हणाली, ‘या गावच्या बाजारात मी लहानपणापासून येत जाओ. पण हे तं कोणं सांगतलंच नाही बाबू मले.’

आमच्यापैकी कुणाला काही बोलता आलं नाही. कारण आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही तर सगळे पदवीधर!

क्लायमॅक्स : विजासन

पवनीहून मागे न येता भिवापूर-चिमूर-वरोरा असा आडवा रस्ता धरा. १९४२ च्या लढ्यातलं चिमूर ते हेच. वरोऱ्याला बाबा आमटेंचं आनंदवन आहे. रात्रीचा मुक्काम वरोरा किंवा चंद्रपुरात करा. पवनी आणि भद्रावती एकाच दिवसात उरकायचा मोह आवरा.

रविवारी सकाळी भद्रावती. गावाबाहेर विजासनच्या टेकडीत खोदलेली लेणी आहेत. अजिंठ्यासारखी चित्रं इथे नाहीत. दगडात सरळ आत जाणारा काळोखा बोळ, त्याच्या टोकाला बसलेला भव्य बुद्ध आणि दोन बाजूंना काटकोनात फुटणारे आणखी बोळ. तिथेही बुद्धच. अलेक्झांडर कनिंगहॅम एकोणिसाव्या शतकात इथे आला होता. युआन श्वांग या चिनी यात्रेकरूने सांगितलेली कोसलची राजधानी ती हीच, असा त्याचा तर्क होता. तर्क खरा असो-नसो, बोळाच्या टोकाशी मेणबत्ती मात्र आजची असते. आसपासच्या गावांतले लोक इथे वंदनेला येतात. आपण पिकनिकच्या मूडमध्ये असलो, तरी ते नसतात हे ध्यानात ठेवा.

हाताशी तास-दोन तास असतील तर पुढे चंद्रपूर गाठा. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, तिथे दुसरा दीक्षा सोहळा झाला होता.

चेकलिस्ट

• सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये विदर्भातल्या उघड्या टेकडीवर जायची हिंमत करू नका.
• अजब बंगला सोमवारी बंद असतो.
• टॉर्च हवाच, विजासनसाठी. मोबाइलच्या उजेडात काम भागत नाही.
• टोपी, पाणी आणि चपला पटकन काढता येतील अशा. बूट नकोत.
• उघड्या विटांवर चढून फोटो नको. दोन हजार वर्षं टिकलेली वीट आपल्या एका उडीने सुटते.
• स्वत:ची गाडी सर्वांत सोयीची. एसटीने पवनी सहज होतं. भद्रावतीसाठी बल्लारशा लाइनवर भांदक स्टेशन आहे.
• घरात आजी-आजोबा असतील तर मागची सीट त्यांच्यासाठी ठेवा.

आणि शेवट? रविवारी रात्री नागपुरात शिरलात की थेट घरी जाऊ नका. दीक्षाभूमीला गाडी थांबवा. २००१ साली राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते खुला झालेला तो पांढरा घुमट आपण रोज सिग्नलवरून बघतो. दोन दिवस मातीचे आणि विटांचे ढिगारे पाहून आल्यावर तो पहिल्यांदा नीट दिसतो. मध्ये कितीतरी शतकं तुटलेली वाट इथे पुन्हा सुरू झाली, आणि शेवटच्या तुकड्यावर आपलंच घर आहे.

आजी गाडीतून उतरली नाही. काच खाली करायला लावली आणि बसल्या जागेवरून हात जोडले.