अंग चोरून बसणारी अक्षरं

'मारेगाव' हा शब्द पाटीसाठी अगदी सोपा. चार अक्षरं, जोडाक्षर नाही, खाली उकार लोंबत नाही. वणीहून करंजीकडे जाताना लागणाऱ्या या तालुक्याच्या गावाचं नाव एसटीच्या पाटीवर सहज मावतं. पण तेच जाड, अरुंद आणि वर तिरकं करायला घ्या, मग अक्षरं हट्टाला पेटतात. 'गा'त गचा आकडा, त्याचा दंड आणि शेजारी काना, अशा तीन उभ्या रेघा. जाडी वाढवली की मधल्या फटी बुजतात. मची गाठ भरून जाते, वचं पोट मिटतं.

फ्लेक्सवाला माउसने शब्द धरतो आणि दोन्ही बाजूंनी चेपतो. दंड बारीक होतात, शिरोरेषा होती तेवढीच जाड राहते. भिंती काडीच्या आणि छप्पर दगडाचं. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पाहुण्यांचं नाव, पद, फोटो आणि खाली समस्त मित्रमंडळ, सगळं एकाच फलकात बसवायचं असतं.

जावजी दादाजींनी 1869 साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, त्या काळात ही पळवाट नव्हती. शिशाचा खिळा चेपता येत नाही. अरुंद अक्षर हवं तर पोलादी ठसा नव्याने कोरावा लागे. तो कोरणारा हरेक फटीचा विचार करी.

आज तो विचार पडद्यावर होतो. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा 'टेको' हा मथळ्यांसाठीचा अरुंद टंक आहे. त्यात गोलाईला चौकोनी वळण दिलंय, त्यामुळे रेघ जाड असूनही पोटात जागा उरते. मुंबईच्या 'एक टाइप'ने 2022मध्ये आणलेलं 'अनेक' हे दहा लिप्यांचं कुटुंब. त्यातल्या देवनागरीची जाडी 100 ते 800 आणि रुंदी 75 ते 125 अशी सरकवता येते. असल्या टंकात टोकाची रूपं माणूस रेखाटतो, मधली संगणक हिशेबाने काढतो. रुंदी 75वर आणून जाडी 800 केली, तरी 'मारेगाव' वाचता येतं. मला हे कौतुकाचं वाटतं.

तिरकं रूप मात्र दोन्हींत नाही. रोमन लिपीला ते 1501पासून मिळालं. व्हेनिसच्या आल्दुस मानुशियससाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने ते कोरलं, आणि ते हाताच्या लपेटीतून आलेलं होतं. देवनागरीच्या छपाईत जोर द्यायला ठळक टाइप किंवा अवतरणचिन्हं चालत आली. तिरकेपणा आला तो बहुतेक संगणकाच्या बटणातून. ते बटण लिपी ओळखत नाही. दंड उजवीकडे कलतात, शिरोरेषा आडवीच राहते. रचा उजवीकडे उतरणारा पाय आखडून उभा होतो. 'रे'वरची मात्रा मुळात डावीकडे झुकलेली. ती ताठ होते आणि तिची ऐटच जाते.

कमल शेडगे (1935–2020) नाटकांची शीर्षकं हाताने काढत. प्रत्येक नाव नव्याने रेखाटायचं, म्हणून तिथे मात्रेला हवा तो झोक देता येई. टंकात ती सोय नाही. एकच मात्रा 'रे'वर, 'के'वर, 'ठे'वर, सगळीकडे बसली पाहिजे. देवनागरीचं जाड, अरुंद, तिरकं रूप मनापासून करायचं तर दंड कलवून झाल्यावर मात्रा, वेलांट्या, रफार एकेक हाती धरून पुन्हा मागे रेलवावे लागतील. तोवर मारेगावच्या पाटीवर नाव सरळ उभंच बरं दिसतं.